मॉडेल असं बनवा की पुढच्याची माप बदलायची छातीच होऊ नये

परवा कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलेलं एका ब्रॅकेटचं मॉडेल माझ्या गळ्यात पडलं. काम काय, तर लांबी १२० ची १२५ करायची. डायमेन्शनवर डबल क्लिक, १२५, एंटर, रिबिल्ड (नव्या मापाने मॉडेल पुन्हा घडवणं), आणि अख्खा फीचर ट्री, म्हणजे मॉडेल बनवायच्या पायऱ्यांची यादी, एररने लालेलाल. रिब (आधाराची पट्टी) बॉडी सोडून हवेत, फिलेट (कडेची गोलाई) एकही जागेवर नाही. मूळ कलाकार दुसरीकडे गेलेत, पण त्यांची विद्या लोप पावू नये म्हणून जमेल तशी उतरवून काढतोय.

स्केच पूर्ण डिफाइन करायच्या, म्हणजे प्रत्येक रेषेची जागा आणि माप पक्कं करायच्या, भानगडीत पडू नका. पक्क्या न केलेल्या निळ्या रेषा दिसायला छान असतात, आणि माप बदललं की त्या मनाला येईल तिकडे पळतात, पळू दे. कोणी टोकलंच तर सगळं सिलेक्ट करून फिक्स मारा, म्हणजे आहे तिथेच खिळवा. झालं काळं, म्हणजे दिसायला पूर्ण डिफाइन, विषय संपला.

ओरिजिन (शून्य बिंदू) आणि तीन मुख्य प्लेन, हे कधी न हलणारे आधार, शोभेसाठी दिलेत.

फीचरला नाव द्यायचं नाही. सॉफ्टवेअरने आपोआप दिलेलं बॉस-एक्स्ट्रूड१७ म्हणजे काय हे ज्याला शोधायचंय तो शोधेल, त्याला दुसरं काम काय.

फिलेट मात्र सगळ्यात आधी. बेस ब्लॉक झाला रे झाला की सगळ्या एज (कडा) गोल करून टाका, आणि मग पुढच्या स्केचची मापं त्या फिलेटने तयार झालेल्या एजवरून घ्या. खरी मजा इथे आहे. उद्या रेडियस ३ चा ५ केला की ती एज सरकते, तिच्यावरचं होल सरकतं, होलवरचा पॅटर्न (ठरावीक अंतरावरच्या त्याच्या नकला) सरकतो. फिलेट सप्रेस केला, म्हणजे तात्पुरता बंद केला, तर एजच गायब, डायमेन्शन लटकलेलं. आणि मध्येच कोणी एखादा कट मारून फेसचे (पृष्ठभागाचे) दोन तुकडे केले तर सॉफ्टवेअरला आपली एज नेमकी कुठली हेच कळत नाही, ते बिचारं जवळची दुसरी एज पकडून मोकळं होतं. एरर आली तर नशीब म्हणायचं, कारण एरर न येता होल भलत्या जागी गेलं की ड्रॉइंग तसंच पुढे जातं आणि कळतं पार्ट हातात आल्यावर. फ्रीकॅड या फुकट कॅड सॉफ्टवेअरवाले एज ओळखण्याच्या या घोळाशी, म्हणजे टोपोलॉजिकल नेमिंगशी, वर्षानुवर्षं झगडले, २०२४ च्या १.० आवृत्तीत कुठे बराचसा उतारा पडला, तोही शंभर टक्के नाही. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या नाकी नऊ आले आणि तुम्ही खुशाल फिलेटच्या एजवर डायमेन्शन टाकताय? प्लेन समोर आहे ना, त्यावरून घ्यायला काय होतं? फिलेट शेवटी मारला तर काय हात झडतात?

असो. शांत राहून पुढचं सांगतो.

होल आरपार हवं असलं तरी थ्रू ऑल (जाडी कितीही असो, आरपार) नको, ब्लाइंड (ठरावीक खोलीचं) घ्या आणि प्लेटच्या जाडीएवढे १० टाका. जाडी १२ झाली की होल आत दोन मिलिमीटर अलीकडे थांबेल, मशीनवाला फोन करेलच.

पॅटर्नची संख्या आणि अंतर हाताने. इक्वेशन, म्हणजे मापं सूत्राने जोडणं, वगैरे हुशार लोकांसाठी.

असेंब्लीत (पार्ट जोडलेल्या फाइलमध्ये) बसून शेजारच्या पार्टच्या एज आपल्या स्केचमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, मग त्या पार्टच्या फाइलचं नाव बदला, म्हणजे दुवा तुटला.

लाल दिसलं की सप्रेस. का केलं ते कुठेही लिहू नका.

बास, नाही जमत मला हे गोड बोलणं. अहो, मॉडेल पुढे द्यायच्या आधी मुख्य मापं एकदा वाढवून बघा, एकदा कमी करून बघा, रिबिल्ड मारा, काय तुटतं ते तिथेच दिसतं. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे. ते करायचं नाही, आणि पुढच्याने ट्री वरून खाली एकेक फीचर उघडून रेफरन्स जोडत बसायचं, शेवटी कंटाळून सगळं नव्याने काढायचं. मापं बदलणारच नसतील तर पॅरामेट्रिक (मापांवर चालणारं) मॉडेल कशाला, डंब सॉलिड, म्हणजे मापं आणि ट्री नसलेला नुसता आकार, पाठवा, निदान आशा तरी लागणार नाही. आणि फोन केला की वर ऐकवतात, माझ्याकडे तर चालत होतं. चालणारच ना, तुम्ही कुठे माप बदललं होतंत.