‘सगळं एजंट बघतो’ म्हणे!

‘फ्लॅट भाड्याने देताना स्वतः शहाणपणा करू नका’ असा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. एजंट अकरा महिन्यांचा करार नोटरी करून देतो, पोलिसांचं बघतो, भाडं जास्त मिळवून देतो आणि कायदेशीर जबाबदारीही तोच घेतो. एजंट नसेल तर बारा वर्षांनी भाडेकरू घराचा मालक होतो, असा त्याचा एकूण सूर. एरवी मी असलं काही वाचतही नाही, पण हा माझ्या आत्यापर्यंत पोचला. चिंचवडचा वन बीएचके हेच तिचं उत्पन्न. ‘अरे, घर जातं म्हणे!’ असं म्हणत तिने एजंट गाठलासुद्धा. त्याने दिलेल्या कागदाचा फोटो तिने मला पाठवला: पाचशेचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का, आणि नवव्या कलमात भलत्याच कुणाच्या फ्लॅटचा नंबर. याची दलाली एक महिन्याचं भाडं, म्हणजे अठरा हजार.

तर आधी हा नोटरीचाच मुद्दा, कारण मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. कलम 55. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी) असो की भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, म्हणजे सरकारी निबंधकाकडे नोंदवलेला. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. किती महिन्यांचा, याला काडीचं महत्त्व नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. एजंटचा त्यात उल्लेखही नाही. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढेच आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडं अठरा ठरलं होतं की बारा, डिपॉझिट पन्नास हजार घेतलं होतं की दीड लाख, हे भांडण तुम्ही मागे पडूनच सुरू करता. लाल शिक्का तिथे कामाला येत नाही. ज्या कागदाने घर सुरक्षित होणार म्हणून आत्याने पैसे मोजले, त्याच कागदाने तिची बाजू लंगडी केली.

अकरा महिन्यांचं खूळ 1908 च्या नोंदणी कायद्यातून आलं. त्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक वर्षाच्या आत थांबायचे. आपल्याकडे कलम 55 मुळे ती पळवाट केव्हाच बंद झाली. छत्तीस महिन्यांचा करारही करता येतो. पण मग दर अकरा महिन्यांनी नूतनीकरणाची दलाली कशी मिळणार?

खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या 0.25 टक्के. अठरा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने: पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. ऑनलाइन होतं, थंब घ्यायला माणूस घरी येतो, त्याचे पैसे आणि किरकोळ शुल्क वेगळं. तरी अठरा हजारांच्या जवळपासही जात नाही.

आता बारा वर्षांची भुताटकी. 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची मोडतोड करून ही दरवर्षी नव्याने येते. तो निकाल प्रतिकूल ताब्याबद्दल होता, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय, त्याचा हक्क उघडपणे झुगारून बारा वर्षं ठेवलेल्या ताब्याबद्दल. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो, दरमहा भाडं देऊन तुम्हाला मालक मानतो. त्याचा ताबा प्रतिकूल ठरणार कसा? मुदत संपूनही तो उठला नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. वेळ लागतो, हे खरं. पण घर जात नाही.

पोलिसांकडची नोंद? फॉर्म एजंट भरेलही. मात्र पोलीस आयुक्तांच्या आदेशाप्रमाणे माहिती देणं मालकाचं काम, आणि राहिलं तर विचारणा मालकालाच. ‘आमचा एजंट रेरा नोंदणीकृत आहे’ हे वाक्यही ऐकून सोडून द्या. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, आणि त्यात एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. भाडं जास्त मिळतं म्हणे. आत्याच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅटही अठरालाच गेलाय, एजंटविना.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मालक दुबईत किंवा न्यू जर्सीत असेल, गळक्या नळासाठी रात्री फोन घ्यायला इथे कुणी नसेल, तर कुणाला तरी पैसे देणं भागच आहे. माझा मावसभाऊ देतो आणि त्याचं बरं चाललंय. पण ते दरमहा देखभालीचे पैसे झाले, भाडेकरू दाखवून गायब होण्याचे नव्हेत. आणि परदेशस्थ मालकाला भाडं देताना, ते महिना पन्नास हजारांच्या आत असलं तरी, भाडेकरूने आयकर कापून भरायचा असतो, हे अजून एकाही एजंटच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

आत्याचा करार या आठवड्यात नोंदवतोय, छत्तीस महिन्यांचा. भाडेकरूची हरकत नव्हतीच. त्यालाही दर अकरा महिन्यांनी दलाली द्यावी लागली असती.