‘रद्दी’ म्हणणाऱ्या वाचकास

सिगारेटच्या पाकिटातल्या जुन्या चित्रकार्डांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘ही यंत्रानं छापलेली रद्दी, यात चित्रकाराचा हात कुठे? रिकामटेकड्यांचे चोचले, वर तंबाखूचं कौतुक. आणि बेसबॉलपटू वॅग्नरच्या कोट्यवधींच्या कार्डाचा साधा उल्लेख नाही!’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘रिकामटेकडे’ कशासाठी? नाव न लिहिता असं बोलायला काय लागतं? लेखातले फोटो अंधुक होते, हे मात्र मान्य.

आता तो ‘चित्रकाराचा हात’. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं 1887 साली ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ ही 50 कार्डांची मालिका काढली. त्यात नेमबाज ॲनी ओकली आहे. कार्ड जेमतेम दीड इंच बाय पावणेतीन. भिंग लावून तिचा गाल बघा. बारीक ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. जाळी लावून छापलेल्या फोटोत ठिपके रांगेत बसतात. हे बसत नाहीत, कारण ते कारागिरानं हातानं मारलेत. छपाईच्या दगडावर, तेही उलट्या चित्रात, आणि प्रत्येक रंगाला दगड वेगळा. एखादा रंग केसभर सरकला की ओठ गालावर! यंत्राचं काम कागद दाबण्यापुरतं.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. माझे वडील लिथोच्या, म्हणजे अशाच दगडी छपाईच्या छापखान्यात होते. वाळू टाकून दगडावर दगड घासणं म्हणजे काय, हे त्यांच्या हातांकडे बघून कळायचं. त्या हातांना कुणी यंत्र म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

आणि हो, जाहिरातच होती ती. मऊ पाकिटातल्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून घातलेला पुठ्ठा, मागे सगळ्या नावांची यादी, म्हणजे उरलेल्यांसाठी गिऱ्हाईक परत येणार. कुणी नाही म्हटलंय? राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तोही धंदाच. त्याची लक्ष्मीसुद्धा दगडावरूनच छापली गेली. तिला रद्दी म्हणून दाखवा, मग बोलू. अमेरिकन संग्राहक जेफरसन बर्डिकनं अशीच ‘रद्दी’, तीन लाखांवर नग, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली. त्यांनी ती जपून ठेवलीय.

तंबाखूचं कौतुक? मी सुपारीसुद्धा खात नाही. पुढे.

वॅग्नरचं कार्ड 1909 ते 1911 च्या मालिकेतलं. व्हिक्टोरिया राणी 1901 मध्येच गेली. लेख व्हिक्टोरियाच्या काळातल्या कार्डांवर होता; शीर्षक तरी वाचायचंत.

माझी कार्डं केवढ्याला जातील, असंही शेवटी विचारलंयत. रद्दीचा भाव रद्दीवाल्याला विचारा. मी विकत नाही.