पुण्यात बसून

गेल्या लेखावर बेळगावहून 'टिळकवाडीतला एक' या नावाने प्रतिक्रिया आली. खालीच दोन ओळींत उत्तर देऊन टाकणार होतो. लिहायला बसलो आणि आवरेना, म्हणून हे वेगळं.

लेख बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून साठच्या दशकात चाललेल्या सीमालढ्यावर आणि आमच्या घरातल्या तीन पिढ्यांवर होता. प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाचं साल चुकलंय. लढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीतल्या गटबाजीवर चकार शब्द नाही. मराठी शाळांचे वर्ग ओस पडताहेत, त्यावरही नाही. आणि शेवटी, शब्दशः: "पुण्यात बसून लढ्याच्या आठवणी काढायला काय जातंय? इथे राहायचं आम्हाला आहे."

आधी सालाचं. बरोबर आहे तुमचं. '१९६६चा महाजन अहवाल' असं मी लिहून गेलो. १९६६ला आयोग नेमला गेला, तोही सेनापती बापट उपोषणाला बसल्यावर. अहवाल आला ऑगस्ट १९६७मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक कबूल करण्यात मला कधी कमीपणा वाटलेला नाही, जुने वाचक सांगतील. फक्त त्यापुढची तीन उद्गारचिन्हं नसती तरी चाललं असतं. माझ्याकडून साल चुकलं, बेळगाव शहर मी म्हैसूर राज्याला दिलेलं नाही. ते महाजनांनी दिलं.

आता 'पुण्यात बसून'.

हे मी गेली पस्तीस वर्षं ऐकतोय. लग्नाकार्यात ऐकतो, मयताला गेलो तरी ऐकतो. तुम्ही निदान टोपणनाव घेऊन म्हणालात, नातेवाईक तोंडावर म्हणतात. तर एकदा सांगूनच टाकतो.

माझे आजोबा बेळगावातल्या शहापूरचे. घरात हातमाग. ते जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं, म्हणजे पटवर्धनांची प्रजा. १९४८ला संस्थान विलीन झालं आणि ते मुंबई राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ला सकाळी उठले ते म्हैसूर राज्यात. १९७३ला त्याचं कर्नाटक झालं. माणूस त्याच घरात बसलेला. तेव्हा कोण कुठे बसलाय यावरून कुणाचा हक्क किती हे ठरवायचं असेल, तर आमच्या आजोबांना विचारायला हवं होतं. "मी कुठं गेलोय ओ, राज्यंच येऊन जातायत की," असं ते म्हणायचे.

१९५८च्या सत्याग्रहात ते हिंडलग्याच्या तुरुंगात होते. परत आले तेव्हा मागावरचं अर्धं लुगडं तसंच होतं, त्यावर धूळ. आजीने ते पुरं करू दिलं नाही. तेवढंच कापून घेतलं आणि जपून ठेवलं. हे मी बसल्या जागी रचलेलं नाही. तो तुकडा पुण्यातल्या माझ्या कपाटात आहे. हो, पुण्यातल्याच.

काळ्या दिनाच्या, म्हणजे म्हैसूरात घातल्याचा निषेध करायच्या १ नोव्हेंबरच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे जुनी छत्री फाडायचे. काळं कापड विकत आणायचं नाही असा आजीचा दंडक, पैसे कशाला घालवायचे. पावसाळ्यात मोडलेली छत्री नोव्हेंबरसाठी राखून ठेवलेली असे. आजी काड्या उसवायची, कापडाच्या पट्ट्या कापायची. एक आजोबांच्या दंडाला, एक वडिलांच्या, एक सायकलच्या हँडलला. मी सात-आठ वर्षांचा झाल्यावर चौथी निघायला लागली. पट्टीला छत्रीचा वास यायचा, ओल्या लोखंडाचा. संभाजी उद्यानापासून निघालेली फेरी मराठा मंदिरापर्यंत जाईतो आजोबांच्या सायकलची चेन दोनदा तरी पडायची. मागचे सगळे थांबायचे, घोषणा मात्र चालूच. तुम्ही 'दरवर्षीची तीच सायकलफेरी' म्हणून जी निकालात काढलीत, ती ही.

आणि १९८६. जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. गोळीबारात माणसं गेली, ते तुम्हाला पाठ असेल, हिंडलग्याच्या स्मारकावर दरवर्षी १ जूनला फुलं वाहतात. मी त्या दिवशी घरी आलो तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठे गेली, पळताना की पडताना, आजही सांगता येत नाही. आईने उरलेली चप्पल टाकली नाही. काही बोललीही नाही. नुसती माळ्यावर ठेवून दिली, आणि दोन वर्षांनी मी नोकरीसाठी पुण्याला निघालो तेव्हाही ती तिथेच होती. तुम्ही तेव्हा कुठे होता? बहुधा जन्मलाही नव्हता. तो तुमचा दोष नाही, पण मग 'काय जातंय' असं विचारताना माणसाने जरा जपून विचारावं.

एक गोष्ट स्वतःहून सांगतो, नाहीतर तुम्हीच कुठून तरी शोधून काढाल. माझा पुतण्या तुमच्याच टिळकवाडीत इंग्रजी शाळेत शिकला. आता बंगळूरला असतो, कन्नड फडाफडा बोलतो. मला वाण्याकडे साखर मागण्यापुरतंही येत नाही. गेल्या वर्षी तो फेरीला आला होता. मी म्हटलं, रजा मिळाली वाटतं? तर म्हणाला, "काका, राज्योत्सवाची सुट्टी आहे की." म्हणजे काळा दिन पाळायला पोरगा आला तो त्यांच्या राज्योत्सवाच्या सुट्टीवर! मी त्याच्या दंडाला पट्टी बांधली. छत्री आता कुणी दुरुस्त करत नाही आणि राखूनही ठेवत नाही, पट्टी बाजारातून आणलेली होती, सॅटिनची, सारखी सुटत होती. हे मी तुमचा मुद्दा सिद्ध करायला सांगत नाहीये. पोरगा आला, हे सांगतोय.

गटबाजीचं म्हणाल तर २०१८ला समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, हे मलाही ठाऊक आहे. कुणामुळे, हे बेळगावात पान खाणारा प्रत्येक माणूस सांगतो आणि प्रत्येक जण वेगळं नाव घेतो. त्यात मला पडायचं नाही. मराठी शाळांचा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. २००४पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं काय, असंही तुम्ही विचारलंय. मी वकील नाही.

बाकी, "आठवणींवर पोट भरत नाही" हे तुमचं वाक्य दोनदा वाचलं. आजोबांचा माग १९५८नंतर कसाबसा सहा वर्षं चालला. पोट कशावर भरतं आणि कशाने रिकामं राहतं, हे आमच्या घराला टोपणनावाआडून शिकवायची गरज नाही.

१७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, मी बेळगावला येतोय. दरवर्षी येतो, रात्रीच्या बसने, सकाळी तसाच उतरून हुतात्मा चौकात. माझा फोटो इथे वर लावलेलाच आहे, तेव्हा मला ओळखायला अडचण नाही. तुम्हाला कसं ओळखायचं ते मात्र कळवा.