बेटावरच्या खोकडाला चकली घालणाऱ्यांनो

सकाळी उठल्या उठल्या एक रील बघितलं आणि ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये. मीटिंगमध्येही तेच, स्वयंपाक करतानाही तेच. आता मुलं झोपली आहेत, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

रील कॅलिफोर्नियाजवळच्या सांताक्रूझ बेटावरचं आहे. स्कॉर्पियनचं कॅम्पग्राउंड मी लांबूनही ओळखीन. मागे निलगिरीची उंच झाडं, लाकडी बाक, आणि बाकाजवळ मांजराएवढं एक खोकड. सहा-सात वर्षांची एक मुलगी त्याच्यापुढे चकलीचा तुकडा धरते. ते कान टवकारतं, दोन पावलं पुढे येतं, तुकडा उचलतं आणि झुडपात जातं. मागून मोठ्या माणसांचं हसू आणि आवाज, "अजून एक दे, अजून एक दे, नीट आलं नाही." नीट आलं नाही म्हणजे व्हिडिओ नीट आला नाही. आवाज मराठी. खाली कमेंटमध्ये हृदयंच हृदयं. आपल्यातल्याच कितीतरी जणांची नावं दिसली त्यात, म्हणून जास्त लागलं.

जे भारतात आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. लॉस एंजेलिसच्या वरच्या अंगाला व्हेंचुरा नावाचं बंदर आहे. तिथून बोटीने तासाभरात हे बेट येतं. चॅनल आयलंड्स नॅशनल पार्कमध्ये पाच बेटं आहेत, त्यातलं हे सगळ्यात मोठं. पार्क झालं १९८० साली. बेटावर हॉटेल नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही, कचऱ्याचा डबासुद्धा नाही. फोनला रेंज जवळजवळ नाहीच. स्कॉर्पियनला निदान पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. पार्कातल्याच अॅनाकापा बेटावर राहायचं तर पाणीही आपलं आपण न्यायचं. शेकोटी पेटवायची नाही, स्वयंपाक छोट्या गॅसच्या स्टोव्हवर. कुत्रं नाही, सायकल नाही. आणि जे नेलं ते सगळं, सालं आणि टिश्यू पेपरसकट, परत आणायचं. समुद्र खवळला तर बोट रद्द होते, मग तुमची सोमवारची मीटिंग असो की आणखी काही.

या गैरसोयींबद्दल लोक कुरकुर करतात तेव्हा मला खरंच कळत नाही, की मग तिथे जाता कशाला?

बाबा इथे आले होते तेव्हा आम्ही त्यांना घेऊन गेलो होतो. आई गुडघ्यांमुळे घरी थांबली. बाबांची सगळी हयात एसटीत गेली, सातारा जिल्ह्यातल्या घाटातल्या गाड्यांवर कंडक्टर म्हणून. सत्तरी ओलांडलेला माणूस, तंबूत झोपायची पहिलीच वेळ. पण बोटीवर चढायच्या आधीच ते त्या जागेचे झाले, असं मला वाटतं. झालं असं, की आमच्या पुढच्या कुटुंबाकडे खाण्याच्या सामानाचं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. बोटीवरच्या मुलीने त्यांना शांतपणे सांगितलं, खोकं इथेच ठेवा, सामान पिशवीत भरा, पुठ्ठा बेटावर चालत नाही. बाबांनी मला विचारलं, का गं? मी सांगितलं, पुठ्ठ्याच्या घड्यांमधून मुंग्या जातात, बुटाच्या मातीतून बी जातं, आणि बेटावर एकदा गेलेलं निघत नाही. बाबा काही बोलले नाहीत. बाजूला जाऊन एका पायावर उभे राहिले, बूट काढला आणि काडीने तळव्याच्या खाचांमधली माती कोरून काढायला लागले. मग दुसरा बूट. खळ्यात शिरताना आपले आजोबा पाय झाडायचे तसं. त्यांना नियमांचा कागद कुणी वाचून दाखवला नव्हता.

आता कमेंटमधल्या त्या दादांसाठी, ज्यांनी लिहिलंय "एका चकलीने काय होतंय". काय होतंय ते सांगते.

हे खोकड म्हणजे आयलंड फॉक्स. या किनाऱ्याजवळच्या सहा बेटांवरच सापडतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि प्रत्येक बेटावरचं जरा वेगळं. हजारो वर्षं मजेत होतं. मग माणसाने बेटावर मेंढ्या आणल्या, डुकरं आणली, ती रानटी झाली. इकडे मुख्य भूमीवर एका कारखान्याने वर्षानुवर्षं डीडीटी समुद्रात सोडलं. ते माशांत गेलं, माशांतून पांढऱ्या डोक्याच्या बाल्ड ईगलमध्ये गेलं, त्यांच्या अंड्यांची टरफलं इतकी पातळ झाली की उबवायला बसलं तरी फुटायची. बाल्ड ईगल बेटांवरून संपले. ते मासे खाणारे, खोकडांच्या वाटेला फारसे न जाणारे, आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या गरुडाला येऊ न देणारे. ते गेले आणि जागा रिकामी झाली. मग सोनेरी गरुड आले. रानडुकरांची पिल्लं आयती मिळत होती, म्हणून टिकले. आणि डुकरांसोबत खोकडंही उचलायला लागले. या खोकडाला वरून काही येईल याची सवयच नव्हती, भर दिवसा उघड्यावर फिरणारा प्राणी तो.

नव्वदच्या दशकात, पाच-सहा वर्षांत, सांताक्रूझवरची दीड हजाराच्या आसपासची खोकडं शंभराच्या आत आली. शेजारच्या सान मिगेल बेटावर पंधरा उरली. सांता रोझा बेटावर पंधरा. पंधरा! आपल्या सोसायटीच्या गल्लीत त्याहून जास्त कुत्री असतात.

मग माणसं कामाला लागली. उरलेली खोकडं पकडून पिंजऱ्यात ठेवली, तिथे पिल्लं वाढवली. सोनेरी गरुड एकेक करून जिवंत पकडले आणि लांब नेऊन सोडले. सांताक्रूझवरची पाच हजारांहून जास्त रानडुकरं काढली. ते सोपं नव्हतं, त्यावर खूप वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मलाही डुकरांचं वाईट वाटतं, ती काय आपणहून पोहत आली नव्हती. बाल्ड ईगल परत आणले. २००६ साली या बेटावर पन्नासएक वर्षांनी पहिल्यांदा त्यांचं पिल्लू माणसाच्या मदतीशिवाय अंड्यातून बाहेर आलं. धोक्यातल्या प्राण्यांसाठी अमेरिकेत एक कायदा आहे, त्याच्या यादीत २००४ मध्ये घातलेलं या तीन बेटांवरचं खोकड २०१६ मध्ये यादीतून बाहेर निघालं. त्या कायद्याखाली इतक्या लवकर सावरलेला दुसरा सस्तन प्राणी तोवर नव्हता.

एवढं सगळं करून वाचवलेलं खोकड तुम्ही बाकाखाली भीक मागायला शिकवताय. तळलेलं, मिठाचं. हे शिकलेलं खोकड उद्या दुसऱ्याच्या तंबूची चेन उघडणार, प्लास्टिकसकट वेफर्स खाणार, माणसाच्या पायात पायात राहणार. त्याची पिल्लं तेच बघणार. आणि कुत्रं का नेऊ देत नाहीत म्हणून ज्यांना राग येतो त्यांनी शेजारच्या कॅटालिना बेटाचं वाचावं. १९९९ च्या सुमारास तिथे बाहेरून आलेल्या डिस्टेंपर नावाच्या, कुत्र्यांना होणाऱ्या साथीच्या रोगाने बेटाच्या मोठ्या भागातली खोकडं जवळजवळ साफ झाली. एक आजारी जनावर बोटीतून उतरलं की पुरतं.

लिहिता लिहिता हात थरथरतोय. पाणी पिऊन आले.

बाबांचंच सांगते. पहिल्या संध्याकाळी आम्ही त्याच, बहुधा अगदी त्याच, बाकावर बसलो होतो. दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, आईने बांधून दिलेली. डबा उघडला आणि दोन मिनिटांत खोकड आलं. तांबूस कान, राखाडी पाठ, शेपटीवर काळी रेघ. बाबा ताठ झाले. त्यांच्या लहानपणी गावच्या माळावर खोकडं दिसायची, तेव्हापासून इतक्या जवळून बघितलं नव्हतं म्हणाले. ते बाबांच्या चपलेपर्यंत आलं, चपल हुंगली, वर बघितलं. बाबांनी डब्याचं झाकण लावलं आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, फोटो काढू का? मान हलवून नको म्हणाले. खोकड एक फेरी मारून निघून गेलं. मग बाबा म्हणाले, "त्याला त्याचं मिळतंय की इथं. आपण कशाला मधी?" आणि डबा उघडला.

त्या माणसाला डीडीटी माहीत नव्हतं, गरुडाची गोष्ट मी नंतर सांगितली. त्याआधीच त्यांना कळलं होतं, मग एम.एस. केलेल्या, दोन-दोन गाड्या दारात असलेल्या लोकांना का कळू नये?

बरं, त्या मुलीवर माझा अजिबात राग नाही. किती सुंदर चेहरा होता तिचा त्या क्षणी, श्वास रोखून धरलेला. ती तर बरोबरच होती, एवढ्याशा अंतरावर खरं खोकड, घाबरली नाही, ओरडली नाही, हळू हात पुढे केला. अशी मुलं हवीतच बेटावर. तिला कुणी फक्त सांगायला हवं होतं, की हात मागे घे आणि बघत राहा. तिला ते आवडलंही असतं. मुलांना खरी गोष्ट सांगितली की ती आपल्यापेक्षा कडक पहारा देतात. आमच्या मोठीला बाबांनी डोमकावळ्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलं होतं. तिथले डोमकावळे बॅगांच्या चेनी उघडतात, म्हणून प्रत्येक जागेला लोखंडी पेटी दिलेली असते. पोरगी दोन दिवस पेटीची कडी तपासत होती.

आता कुणीतरी म्हणणारच, की ताई, सगळ्यांना हे जमत नाही, बोटीची तिकिटं महाग आहेत, लहान मुलं, म्हातारी माणसं, थोडी सोय केली तर काय बिघडलं. तिकीट महाग आहे, मान्य. चार जणांच्या कुटुंबाला जड जातं, हेही मान्य. पण ज्यांना तंबू जमत नाही त्यांच्यासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची बोट आहे. बेटावर कॅफे काढा, फराळाचा स्टॉल लावा, हे ऐकलं की मला पवना धरणाचा काठ आठवतो. शाळेत असताना आम्ही तिथे गेलो होतो, तिकोना उतरून, तेव्हा रात्री पाण्याचा आवाज यायचा. आता शनिवारी रात्री जाऊन बघा. तंबूला तंबू चिकटलेला, स्पीकर, दिव्यांच्या माळा, सकाळी काठावर प्लेटा आणि बाटल्या. त्यालाही कॅम्पिंगच म्हणतात. तिथल्या गावकऱ्यांना दोन पैसे मिळतात, ते मी नाकारत नाही, त्यांच्या जमिनी धरणात गेल्या आहेत. पण येणाऱ्याने कचरा उचलून न्यायला काय होतं? सह्याद्रीत गडावर जाणारी कितीतरी पोरं येताना दुसऱ्यांच्या बाटल्यासुद्धा गोळा करून आणतात. ती आपलीच पोरं आहेत. ते संस्कार विमानात बसताना कुठे जातात?

आणि ही जागा कुणाचीच नव्हती असंही नाही. आपण जिथे तंबू ठोकतो त्याच खोऱ्यात इथल्या मूळ रहिवाशांचं, चुमाश लोकांचं, गाव होतं. बेटाला ते लिमुव म्हणतात. तोमोल नावाच्या फळ्यांच्या होडीतून ही सगळी खाडी ते पार करायचे. स्पॅनिश ख्रिस्ती मिशनच्या काळात, रोगराईत, ती माणसं बेटांवरून हलवली गेली, गावं ओस पडली. २००१ साली त्यांच्या वंशजांनी पुन्हा तोमोल बांधून, उजाडायच्या आत निघून, वल्हवत हे बेट गाठलं. किनाऱ्यावर त्यांची माणसं वाट बघत उभी होती. ज्या जागेसाठी कुणी असं तासन्तास वल्हवत येतं तिथे आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं त्यांच्या गाडीने यायची-जायची, आपापल्या नव्या वस्तीला. त्यांनी एवढंच विचारलं, "परत राहायला नाही आली?" मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी आमची जागा वाकून वाकून बघितली. कुणाचा तरी जुना काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा सापडला, तोही पिशवीत घातला. धक्क्यावर सामान चढवायला माणसांची रांग लागते, प्रत्येकाने पुढच्याच्या हातात बॅग द्यायची, बॅग कुणाची का असेना. बाबा रांगेत उभे राहिले, कुणी बसा म्हटलं तरी ऐकेनात. कचऱ्याची पिशवी मात्र त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही, बोटीत स्वतःच्या पायाशी ठेवली आणि व्हेंचुराला उतरल्यावर स्वतः टाकली.

बाबांना आज ते रील मी पाठवणार होते. नाही पाठवलं. त्यांना वाईट वाटेल.

आता कामाचं. आपल्या इथल्या मराठी मंडळातला एक मोठा ग्रुप लाँग वीकेंडला सांताक्रूझला निघालाय, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी लिहिते आहे, रागावलात तरी चालेल. आधी बोटीचं तिकीट काढा, मग कॅम्पची जागा बुक करा, उलटं केलंत तर जागा आहे आणि बोट नाही असं होतं. सामान कापडी पिशव्यांत किंवा झाकणाच्या डब्यांत भरा, खोकी गाडीतच ठेवा. बूट आणि तंबूच्या खुंट्या घरी धुऊन आणा. खाणं, टूथपेस्ट, साबण, वासाचं सगळं लोखंडी पेटीत, जेवताना सोडून सदैव कडी लावलेली. तंबूची चेन दिवसाही बंद, तिथल्या उंदरांमुळे हंताव्हायरसचा धोका असतो. स्पीकर घरी. मुलांना निघायच्या आधी खोकडाची गोष्ट सांगा, सांगता येत नसेल तर मला फोन करा, मी व्हिडिओ कॉलवर सांगीन. आणि हे सगळं फार होतंय असं वाटत असेल तर बुकिंग आजच रद्द करा. त्या जागांसाठी लोक महिनोन्महिने ताटकळत असतात, त्यांना मिळू दे.