परदेशी फॅडं आणि आपली हवा

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एका मलमावरून रण पेटलं. चुलतबहिणीच्या मुलाच्या नाकाखाली मधाळ पिवळ्या खपल्या धरल्या होत्या. डॉक्टरांनी इम्पेटिगो, म्हणजे जंतूंमुळे होणारा कातडीचा संसर्ग, सांगितला, खपल्या कोमट पाण्याने भिजवून पुसायच्या आणि मलम लावायचं, बस्स. ‘पोटातून काहीच नाही?’ ‘ताई, डॉक्टर बदल.’ शेवटी काकांचा निर्वाळा: ‘ही परदेशी फॅडं. आपल्या हवेत चालत नाहीत.’

परदेश म्हणजे मी. त्यामुळे झोंबलं.

इथे इंग्लंडमध्ये चारदोन खपल्या असतील आणि मूल हुंदडत असेल तर अँटिबायोटिक मलमही लगेच हाती पडत नाही. 2020 पासून ‘नाइस’ची, म्हणजे उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेची, शिफारस आहे ती आधी 1 टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड या जंतुनाशक क्रीमची. ते जमण्यासारखं नसेल तर फ्युसिडिक अ‍ॅसिड हे अँटिबायोटिक मलम. मूल तापाने मलूल झालं तर फ्लुक्लोक्सासिलिन या अँटिबायोटिकचं सिरप, जे आमच्या धाकट्याने माझ्याच शर्टावर थुंकलं होतं. जानेवारी 2024 पासून तर साधा इम्पेटिगो फार्मसिस्टच बघतो.

आणि हवेचंच म्हणाल, तर 2000 च्या आसपास नॉर्वे-स्वीडनमध्ये मुलांना असाच इम्पेटिगो झाला आणि फ्युसिडिक अ‍ॅसिडला तो दाद देईना. तिथे कुठला आला उकाडा? जंतू औषधाला सरावतात ते औषधाच्या वापराने. आपल्याकडे काही अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन हा नियम आहे, तरी स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेली ट्यूब काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळते. त्याबद्दल काका चकार शब्द काढत नाहीत.

काकांच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. दमट हवेत, दाटीवाटीच्या घरात हे फोड जास्त होतात. खाली खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांवर उपचार केल्याशिवाय मलमाचा उपयोग नाही. अंगभर फोड असतील तर पोटातून औषध द्यावंच लागतं. जंतू स्ट्रेप्टोकोकस असला तर क्वचित काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येते, लघवी कोऱ्या चहासारखी होते. पण काका यातलं काहीच म्हणत नव्हते. कमी लिहून देणारा डॉक्टर म्हणजे काहीच न करणारा डॉक्टर, एवढंच त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात नर्सरीच्या दारात एक आई म्हणाली, ‘तुमच्या देशात अँटिबायोटिक कुणालाही मागेल तसं मिळतं ना?’ माझ्या तोंडून काकाच बोलू लागले. उकाडा, दमटपणा, गर्दी, तुम्हाला काय कळणार! वर तिला डिसेंबर 2022 ची आठवणही करून दिली. इथे स्कार्लेट फीव्हरची, म्हणजे घसा धरून अंगावर पुरळ उठणाऱ्या तापाची, साथ होती आणि पेनिसिलिनच्या सिरपसाठी सगळे आईबाप एका फार्मसीतून दुसरीत धावत होते. ती गप्प झाली. मला बरं वाटलं, जरा जास्तच. रात्री ग्रुपवर पुन्हा इंग्लंडची वकिली सुरू. दोन्हीकडे मी परक्यांच्याच बाजूने भांडतो आणि दोन्हीकडे मला कुणी वकीलपत्र दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लिहायची टाळली. ताईला त्याच संध्याकाळी डॉक्टर भेटले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला पुन्हा दाखवायला बोलावलं. मी सकाळी आठ वाजता जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावतो तेव्हा माझा नंबर एकविसावा असतो. हे सांगून काकांच्या हाती आयतं कोलीत कोण देईल?