चॉइस फिलिंगच्या आधी मुलांना पैशाचा आकडा सांगा

ज्यांच्या घरी यावर्षी बारावी झालेलं पोरगं किंवा पोरगी आहे त्या सगळ्या आईबाबांना एक कळकळीची विनंती. इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनसाठी चॉइस फिलिंग, म्हणजे पसंतीच्या कॉलेज-ब्रँचची यादी भरणं, कॉलेजच्या लिस्टा, प्लेसमेंट, सीनियरचे व्हिडिओ हे सगळं नंतर. आधी मुलाला समोर बसवा आणि आपल्या घरात शिक्षणासाठी नेमके किती पैसे आहेत ते सांगा. रुपयांत सांगा, "बघू", "करू काहीतरी" असं नको.

मी बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलवर बसते. जून ते ऑगस्ट माझ्यासमोर रोज कोणीतरी बाप ॲडमिशन लेटर घेऊन येतो, बाजूला मुलगा नाहीतर मुलगी मान खाली घालून, आणि मी व्याज वगैरे समजवायला लागले की मुलाच्या तोंडावर जे येतं ना ते बघवत नाही, कारण हा आकडा तो पहिल्यांदा ऐकत असतो आणि तेही एका अनोळखी बाईच्या तोंडून, सीट घेऊन झाल्यावर. घरी त्याला सगळ्यांनी एकच सांगितलेलं असतं, पैशाची काळजी तू करू नकोस, तू फक्त अभ्यास कर. प्रेमानेच म्हणतात, मला माहितीये. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून आपण चार वर्षांचा निर्णय घ्यायची अपेक्षा करतो आणि निम्मी माहिती लपवून ठेवतो, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

यावर्षी आमच्याच घरात हे होतं. दादाचा मुलगा. इथे इंदूरला सुदामा नगरात राहतात, दादाची नोकरी, वहिनी घरी ट्यूशन घेतात, फ्लॅटचं लोन अजून चालू आहे. पोराने दोन वर्षं भंवरकुआंला कोचिंगच्या चकरा मारल्या, जेईईचा स्कोअर ठीक आला, फार वर नाही फार खाली नाही, आणि खरी पंचाईत अशाच मुलांची होते कारण त्यांच्यासमोर तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हेचे पर्याय येतात. एक, पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ, कंप्युटर सायन्स, त्यांची सीट एप्रिलमध्येच पक्की आणि मागे लागलेले की डिपॉझिट भरा. दोन, भोपाळचं मॅनिट, म्हणजे तिथली एनआयटी, केंद्र सरकारचं इंजिनीअरिंग कॉलेज, पण ब्रँच मेटलर्जी, धातूंची. तीन, इथलंच इंदूरचं एसजीएसआयटीएस कॉलेज, इलेक्ट्रॉनिक्स.

आणि मग फोन सुरू. इंदूरच्या मराठी घरात हे दरवर्षी होतं, पुण्याला मावशी असते, डोंबिवलीला काका असतात, सगळ्यांचं एकच, अरे पुण्याला पाठवा, आपली माणसं आहेत, तिथे स्कोप आहे. मी पुण्याच्या विरोधात अजिबात नाही. पण एक गोष्ट आपले लोक विसरतात की आडनाव कितीही मराठी असलं तरी आपली मुलं दहावी-बारावी एमपीतून करतात, डोमिसाईल एमपीचं असतं, त्यामुळे महाराष्ट्राच्या कोट्याचा त्यांना उपयोग नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत, म्हणजे तिथल्या एनआयटीत, आपण अदर स्टेट, बाहेरच्या राज्याचे. उलट भोपाळच्या मॅनिटमध्ये अर्ध्या सीट होम स्टेटच्या, म्हणजे त्याच राज्यातल्या मुलांच्या असतात आणि होम स्टेट ठरतं बारावी कुठून केली त्यावर, म्हणजे तिथे आपल्या मुलांना खरा फायदा आहे. म्हणून "तिकडे आपली माणसं आहेत" एवढ्यावर मुलाला महागड्या मॅनेजमेंटच्या सीटवर बसवू नका.

दादाने पोराला काही सांगितलं नव्हतं. एक दिवस तो माझ्याकडे आला, हातात कोचिंगचीच वही, मागच्या पानावर तीन कॉलम आखलेले, कॉलेज, ब्रँच, प्लेसमेंट. म्हणाला, आत्या, चौथा कॉलम मला भरताच येत नाहीये, आम्हाला काय परवडतं ते घरी कोणी सांगतच नाही, विचारलं की बाबा चिडतात. मी तिथेच दादाला फोन लावला आणि सांगितलं, वहिनीला घेऊन ये, आज हे बोलूनच टाकू.

मग चौघांनी बसून गणित केलं, तेच मी इथे देते, कारण हे फार कमी घरात मांडतात. पुण्याच्या त्या कॉलेजचं फी, होस्टेल, मेस सगळं मिळून वर्षाला पाच लाख धरले. त्यातले दोन दादा पगारातून काढेल, तीन लोन. चार वर्षांचे बारा लाख. आता लोकांना वाटतं कोर्स संपून वर्षभर हप्ता नाही म्हणजे तोवर व्याजही नाही. तसं नाहीये! ज्या दिवशी पैसे कॉलेजला गेले त्या दिवसापासून व्याज चढतं. दहा टक्के साधं व्याज धरलं तरी पाच वर्षांत चार लाख वीस हजार होतात, म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर १६ लाख २० हजार, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास २१,४०० रुपये. शिवाय साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारण तारण मागते, आणि फ्लॅट तर आधीच गहाण.

पोरगं आकडा बघून गप्प बसलं, मग म्हणालं, आणि पहिल्या नोकरीत पगार किती मिळतो? बरोबर प्रश्न! पण हा प्रश्न त्याच्या तोंडून निघाला कारण हप्ता त्याच्यासमोर लिहिलेला होता.

या पगाराच्या बाबतीत तर मुलांची फार फसगत होते. ब्रोशरवर हायेस्ट पॅकेज मोठ्या अक्षरात आणि त्याखाली ॲव्हरेज. दहा मुलं धरा, नऊ जणांना साडेचार लाख आणि एकाला पंचेचाळीस लाख, तर ॲव्हरेज साडेआठच्या वर जातं, आणि साडेआठ तर कोणालाच मिळालेले नसतात. त्यापेक्षा एनआयआरएफ या सरकारी रँकिंगसाठी कॉलेज जी माहिती भरून देतं ती त्यांच्याच वेबसाइटवर टाकलेली असते, ती उघडा, त्यात किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन सॅलरी, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा पगार किती, किती पुढे शिकायला गेली, सगळं वर्षावार असतं. फक्त ते सगळ्या ब्रँचचं मिळून असतं, म्हणून आपल्या ब्रँचचं वेगळं विचारावंच लागतं, आणि ते सेकंड किंवा थर्ड इयरच्या साध्या मुलांना विचारा, टॉपरला नको. आमच्या पोराने तेच केलं, एसजीएसआयटीएसच्या कँटीनमध्ये जाऊन बसला आणि तिथल्या मुलांना विचारलं लॅबमध्ये स्वतःच्या हाताने किती करायला मिळतं, सर भेटतात का, किती जणांचं बॅक राहतं. भोपाळच्या मुलांशी फोनवर बोलला. एका दुपारी त्याला जे कळलं ते आम्हा मोठ्यांना महिनाभरात कळलं नव्हतं.

पैशाचं आधी बोला म्हणते त्याचं अजून एक कारण आहे, जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या सीट वाटणारं केंद्रीय काउन्सेलिंग, त्याची पद्धतच तशी आहे. सीट लागली की फ्रीज, फ्लोट, स्लाइड यातलं एक निवडायचं असतं: फ्रीज म्हणजे हीच सीट पक्की, फ्लोट म्हणजे ही ठेवून लिस्टमधलं वरचं काहीही चालेल, स्लाइड म्हणजे त्याच कॉलेजातली वरची ब्रँच चालेल. फ्लोट केलं आणि पुढच्या राउंडमध्ये तुमच्याच लिस्टमधलं वरचं काही लागलं तर आधीची सीट आपोआप जाते, परत मिळत नाही. म्हणजे लिस्टमध्ये जे वर लिहिलंय ते खरंच हवं आणि परवडणारं असलंच पाहिजे. ज्या घरात पैशाचं बोलणं सीट लागल्यावर होतं त्या घरात हे असं लागून जातं आणि मग रडारड.

आणि ते एप्रिलमधलं डिपॉझिट. जोसा जूनमध्ये सुरू होतं, खासगीवाले त्याच्या आधीच घाई करतात, आज भरा नाहीतर सीट जाईल, आणि पावतीवर छापलेलं असतं नॉन-रिफंडेबल. घाबरून जाऊ नका. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्येच फी परत करायचे नियम काढलेत, ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी सोडलं तर थोडी कपात करून बाकी सगळी फी परत, पुढे तारखेप्रमाणे नव्वद, ऐंशी, पन्नास टक्के, आणि ओरिजिनल मार्कशीट ठेवून घ्यायचा तर कोणालाही अधिकार नाही. भरायचंच असेल तर आधी ईमेलवर रिफंडचे नियम आणि तारखा लिहून मागा. तोंडी बोलण्यावर एक रुपया देऊ नका.

लोन घ्यायचंच असेल तर पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्र सरकारची एज्युकेशन लोनची योजना नक्की बघा, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, तारण नाही, गॅरंटर नाही, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या लोनवर शिकत असताना व्याजात तीन टक्के सूट. पण ती ठरावीक कॉलेजांनाच लागू आहे. आमच्या त्या पुण्याच्या विद्यापीठाचं नाव लिस्टमध्ये नव्हतं. एनआयटीत ट्यूशन फीलाही उत्पन्नाप्रमाणे सूट असते, पाच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश माफ, एक लाखाच्या आत पूर्ण माफ. तर उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला रांग असते.

मुलींच्या आईबाबांना वेगळं सांगायचंय. माझ्या टेबलवर मी बघते, मुलगा असेल तर बारा लाखांचंही लोन निघतं, मुलगी असेल तर पाच लाख ऐकूनच म्हणतात इंदूरमध्येच काय वाईट आहे. इंदूर वाईट नाहीच. पण खरं कारण पैसे हे नसतंच, खरं कारण तिला बाहेर पाठवायची भीती हे असतं, आणि नाव पैशाचं पुढे करतात. २०१८ पासून आयआयटी-एनआयटीत मुलींसाठी जास्तीच्या सीट केल्यात, त्या रँकवर ती भोपाळला जाऊ शकत असेल तर तिला जाऊ द्या. आणि भीती असेल तर भीती म्हणून बोला, तिच्याशी, तिला ते कळतं. खोटा आकडा देऊ नका.

आमच्या पोराने शेवटी पुणं स्वतः खोडलं. कोणी खोड म्हणालं नाही. मग भोपाळ की इंदूर यावर आमच्यात भरपूर वाद झाला, माझं म्हणणं होतं भोपाळला जा, घराबाहेर राहा, एनआयटीत देशभरातली मुलं भेटतात, मेटलर्जी वाटते तेवढी वाईट नाही. त्याचं म्हणणं, आत्या, मला चार वर्षं सर्किट करायचीयत, धातू नाही, आणि होस्टेलचे जे वाचतील त्यात मी शेवटच्या वर्षी गेटचं, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचं बघीन. दादा मध्ये काही बोलला नाही, फार चांगलं केलं त्याने. पोराने एसजीएसआयटीएस घेतलं. मला अजूनही वाटतं भोपाळ बरं होतं, आणि मी त्याला तसं सांगितलंही आहे, पण निर्णय त्याचा आहे आणि सगळे आकडे बघून घेतलेला आहे.

ज्यांना हप्त्याचं, व्याजाचं गणित करून हवं असेल त्यांनी बिनधास्त मेसेज करा, संध्याकाळी घरीच असते, कोणत्याही बँकेचं ऑफर लेटर असू दे, बसून समजावते, एक पैसा लागणार नाही. फक्त मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन या.