ओढा स्लॅबखाली गाडायचा आणि वर पावसाला दोष द्यायचा!

पुण्यात दर पावसाळ्यात तेच. जोराची सर आली की चेंबरची झाकणं उडतात, मैलापाणी पार्किंगमध्ये शिरतं आणि दुसऱ्या दिवशी "ढगफुटी झाली" म्हणून सगळे मोकळे. अहो, ढगफुटी म्हणजे तासाला 100 मिलिमीटर पाऊस. तुमच्या वाहिन्या 50 लाच हात टेकतात!

हिशेब घ्या. टेकडीवरून उतरणाऱ्या ओढ्याचं 400 हेक्टरचं पाणलोट धरा. सगळीकडे काँक्रीट, म्हणजे 80 टक्के पाणी वाहूनच येणार. तासाला 50 मिलिमीटरच्या पावसात ओढ्यात सेकंदाला 44 हजार लिटर पाणी येतं. त्यावर बांधलेला 3 बाय 3 मीटरचा बॉक्स कल्व्हर्ट (म्हणजे ओढा नेणारा काँक्रीटचा चौकोनी बोगदा), पाण्याला सेकंदाला 3 मीटर वेग मिळाला तरी, 27 हजार लिटर नेतो. उरलेलं 17 हजार लिटर दर सेकंदाला कुठे जाणार? तळमजल्यातच ना! तेही कल्व्हर्ट रिकामा असेल तर. प्रत्यक्षात आत मीटरभर गाळ, आडव्या गेलेल्या पाण्याच्या लाइनी आणि केबली, त्यांना अडकलेल्या गाद्या न् प्लॅस्टिक. स्लॅबखाली पोकलेन जात नाही. मैल्यात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं बेकायदा आहे, 2013 चा कायदा आहे, आणि ते योग्यच आहे. मग साफ कोण आणि कसं करणार, हे स्लॅब टाकताना कुणी विचारलं होतं?

सगळ्यात संताप येतो तो ओढ्याच्या पात्रातच टाकलेल्या ड्रेनेजच्या मुख्य लाइनीचा. जागा घ्यावी लागत नाही, उतार आयता मिळतो, म्हणून तिथेच टाकतात. लाख माणसांचं मैलापाणी माणशी 108 लिटरने सेकंदाला सरासरी 125 लिटर होतं. तेवढ्यासाठी टाकलेल्या लाइनीच्या चेंबरवरून पूर वाहिला की ओढाच आत घुसतो. लाइनीवर दाब येतो आणि पाणी घरांच्या जोडण्यांतून उलटं चढतं. पूर ओसरला की वाळू-दगड आतच बसतात, लाइन तुंबते, आणि पुढे उन्हाळाभर तोच मैला ओढ्यात. पावसाळ्यात शुद्धीकरण केंद्राकडे जातं ते पावसाचंच पाणी.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल इथल्या लोकांना विचारा. त्या पुरात पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. त्याच ओढ्यावर कात्रजला पेशव्यांनी तलाव बांधून शहराला प्यायचं पाणी आणलं होतं!

नुसता एप्रिल-मेमध्ये गाळ काढून काठावर ढीग लावू नका, पहिल्याच पावसात तो परत आत येतो. त्याच दिवशी उचला. ड्रेनेजची लाइन पात्राबाहेर काढा, पूररेषेच्या आत राहतील त्या चेंबरचे गळे पुराच्या पातळीच्या वर घ्या, झाकणं बोल्टने आवळा. पावसाळी लाइनीत सोडलेल्या संडासाच्या जोडण्या, लाइनीत धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहून, शोधा आणि तोडा. आणि नवा स्लॅब एक फूटही नको. पार्किंगसाठी नको, रस्तारुंदीसाठी नको, बागेसाठीसुद्धा नको.